बुकित पंजांगचं माहेर

पुणे, १० एप्रिल २०१६

वहिनी,

नमस्कार पुढच्या पत्रात घालीन, सध्या मी रागावलेली आहे.

काल फोनवर किती सहज म्हणालीस गं, "अनघा, या मेमध्ये मी इटलीला जाते आहे." जशी काही कोपऱ्यावरच्या वाण्याकडे निघाली आहेस! मी "अय्या, मज्जा आहे!" म्हटलं आणि फोन ठेवला. दिलीप म्हणाला, "तोंड का उतरलं?" म्हटलं, "काही नाही, माझं माहेर इटलीला चाललंय." तो खो खो हसला. त्याला हसायला काय जातं! त्याची आई शेजारच्या खोलीत बसून त्याला दूध घे, दूध घे करत असते.

अगं, मे महिना माझा असतो ना? लोकांच्या मुली सांगली-साताऱ्याला माहेरपणाला जातात, मी विमानात बसून सिंगापूरला, तुझ्या बुकित पंजांगच्या घरी येते. तू नोव्हेनाला हॉस्पिटलच्या लॅबमध्ये जातेस, मी दहापर्यंत लोळते, मग खालच्या हॉकर सेंटरच्या टपरीवर तिकडची ती दाट कॉफी, कोपी, पिते आणि काहीही काम नसताना एलआरटीच्या छोट्या गाडीत बसून गोल फिरून येते. संध्याकाळी तू गरम ताट वाढतेस. वर्षभर मी सगळ्यांना वाढते, ते आठ-दहा दिवस कुणीतरी मला वाढतं.

स्पष्टच सांगते, मला आडवळणाने बोलता येत नाही. आई-बाबा गेले, सांगलीचं घर विकलं. चार वर्षांपूर्वी प्रबोधदादा गेला, तेव्हा मी दादासाठी रडले आणि आतल्या आत यासाठीही रडले की आता माहेर संपलं. भावाच्या माघारी भावजयीच्या घरी कुणी राहायला जातं का? आणि त्याच मेमध्ये तुझा फोन, "तिकीट काढलंस का? यंदा आंबा इथे महाग आहे, येताना घेऊन ये." तेवढ्या आंब्यावर मी आजवर तग धरून आहे. तेव्हा माझा मे असा परस्पर कुणालाही देत जाऊ नकोस.

आणि इटलीत काय, तर वाइन आणि पडकी देवळं! आपल्या घराण्यात द्राक्षासवाच्या बाटलीपुढे कुणाची मजल गेली नाही. बरोबर कोण आहे? एकटी जाणार असशील तर मी दिलीपला सोडून तुझ्यामागे येईन, सांगून ठेवते.

तुझी (तरीही),
अनघा

—

सिंगापूर, १४ एप्रिल २०१६

प्रिय अनघा,

तुझा राग पोचला, डब्यात घालून ठेवला आहे. जूनमध्ये ये. जूनमध्ये मी दोन दिवस रजाही टाकीन. आंबे संपले असतील तर नुसती ये.

वाइनचं असं झालं. घराजवळच्या कम्युनिटी क्लबमध्ये शनिवारी वाइनचा क्लास असतो. मला काही वाइनची हौस नव्हती. पण शनिवारी दुपारी घरात फार शांत असतं, आणि त्या वेळेला दुसरा क्लास झुंबा होता. म्हणून वाइन.

तिथे ग्लासात नाक घालून वास कसला येतो ते सांगायचं असतं. पहिल्याच दिवशी सगळे ब्लॅकबेरी म्हणाले, चेरी म्हणाले. मी आयुष्यात ब्लॅकबेरी हुंगलेली नाही. तेवढ्यात मागच्या बाकावरून कुणीतरी स्वतःशीच पुटपुटलं, "छे, हे तर आमसुलाचं सार." मराठीत! मी इतकी हसले की ग्लास हिंदकळून वहीवर डाग पडला. मग आम्ही दोघंच मराठीत वास ओळखायला लागलो. एकीला ओल्या मातीच्या माठाचा वास होता, एकीला चक्क मुरलेल्या लिंबाच्या लोणच्याचा. शिकवणाऱ्या बाईंनी लोणचं लिहून घेतलं.

त्या आमसुलाच्या वाइनचं नाव आल्यानिको. ती दक्षिण इटलीत होते. तिथे पेस्तुम नावाचं गाव आहे, ग्रीक लोकांनी वसवलेलं. अडीच हजार वर्षांची तीन देवळं उभी आहेत म्हणे, आणि आसपास द्राक्षांचे मळे. बघावंसं वाटलं. बऱ्याच दिवसांत काही बघावंसं वाटलं नव्हतं, अनघा, म्हणून जाते आहे.

बरोबर क्लासमधले काहीजण आहेत. काळजी करू नकोस.

तुझी,
मधुवंती

—

पेस्तुम, १२ मे २०१६

प्रिय अनघा,

पोचले. सालेर्नोहून छोटी गाडी मिळते. स्टेशन एवढंसं, उतरणारे आम्हीच. समोर सरळ रस्ता, रस्त्याच्या शेवटी जुन्या तटाची कमान, आणि कमानीतून आत गेलं की एकदम देवळं. तिकिटाच्या खिडकीपाशी चिनी, जर्मन, सगळे एकदम हळू आवाजात बोलायला लागतात.

छप्पर नाही, भिंती नाहीत, मूर्ती नाहीत. नुसते खांब, उन्हात मधाच्या रंगाचे. एका देवळात आत जाता येतं. त्याच्या बरोब्बर मधून खांबांची एक रांग गेली आहे, म्हणजे गाभाऱ्यासमोर उभं राहिलं तर नाकासमोर खांब. मी म्हटलं, "असं कसं बांधलं? देवाचं दर्शन कुठून घ्यायचं?" उत्तर मिळालं, "थोडं डावीकडून, थोडं उजवीकडून. सगळं काही समोरून घ्यायची सक्ती थोडीच असते!" मला ते पटलं.

इथे नंतर दलदल झाली, हिवताप आला, माणसं गाव सोडून डोंगरावर गेली. देवळं तेवढी राहिली. आता भोवती गवत आहे, खसखशीची लाल फुलं आहेत, पाली ऊन खात पडलेल्या असतात. आणि रस्त्यापलीकडे म्हशी! आपल्या म्हशींसारख्याच, तितक्याच आळशी. त्यांच्या दुधाचं पांढरं चीज सकाळी करतात आणि दुपारी खातात. चावलं की दूध येतं. तुझ्या सासूबाईंना आवडेल.

काल एका मळ्यात जेवलो. मळेवाल्या आजींनी फियानो नावाची पांढरी वाइन ओतली आणि वास विचारला. आम्ही एकदमच म्हणालो, "मोहोर!" आंब्याचा मोहोर इटालियनमध्ये कसा सांगायचा हा प्रश्न पडला. हातवारे करून झाडच उभं केलं. आजी फार हसल्या आणि आणखी ओतली.

दोन ग्लास प्यायले. सांगून टाकलेलं बरं.

फोटो या मेलबरोबरच पाठवते आहे. ऊन फार आहे, म्हणून डोळे बारीक दिसतील.

तुझी,
मधुवंती

—

पुणे, १४ मे २०१६

वहिनी,

फोटो बघितले. देवळं चांगली आहेत, पण मी देवळं बघतच नाहीये.

अगं, क्लासमधले काहीजण गेले कुठे? एकाही फोटोत कुत्रं नाही! सगळ्या फोटोंत तू. खांबापाशी तू, म्हशीपाशी तू, मळ्यात टेबलापाशी तू, टेबलावर दोन ग्लास, दोन ताटल्या, आणि पलीकडच्या खुर्चीवर पुरुषी टोपी. मी बँकेत एवढी वर्षं सह्या पडताळल्या आहेत, मला फसवतेस?

आणि हसते आहेस काय! दादा गेल्यापासून तू फोटो काढताना ओठ मिटून उभी राहायचीस, पासपोर्टला राहतात तशी. इथे दात दिसताहेत. अनोळखी माणसाच्या हातात कॅमेरा असला तर कुणी असं हसत नाही. तो आमसूलवाला आहे ना?

सरळ सांग, कोण आहे. मी काही खात नाही.

अनघा

ता. क. तो निळा ड्रेस छान दिसतो तुला. कधी घेतलास? मला दाखवला नाहीस.

—

सिंगापूर, २० मे २०१६

प्रिय अनघा,

आमसूलवालाच.

नाव श्रीनिवास. मूळचे दादरचे, इंजिनिअर, माझ्याहून तीन वर्षांनी मोठे. पत्नी जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगी मेलबर्नला असते. सिंगापूरच्याच दुसऱ्या टोकाला, सेंगकांगला राहतात. कमी बोलतात आणि बोलले की हसू येतं. तुला आवडतील, असं लिहून पुन्हा खोडलं, कारण तुला आवडावेत असं मी तरी का समजून चालावं?

"क्लासमधले काहीजण" हे खोटं लिहिलं. तुझ्याशी पहिल्यांदाच खोटं बोलले आणि दुसऱ्या पत्रात पकडली गेले.

पेस्तुमच्या म्युझियममध्ये एक जुनी कबर आहे, दगडाच्या पेटीसारखी. चारी बाजूंना आतून चित्रं, माणसं लवंडून वाइन पिताहेत, गाताहेत. आणि वरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला एक माणूस उंचावरून पाण्यात सूर मारतो आहे. अगदी एकटा, हात पुढे केलेले, खाली निळं-हिरवं पाणी. आतल्या बाजूला, अनघा! म्हणजे बाहेरच्या कुणी बघायचंच नव्हतं ते. मी तिथे खूप वेळ उभी राहिले. मला प्रबोध आठवला, खूप आठवला, आणि त्याच वेळी शेजारी उभ्या असलेल्या माणसाचा हात धरावासा वाटला. दोन्ही एकदम. असं होतं हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

मी हात धरला. संध्याकाळी त्यांनी विचारलं, लग्न करायचं का. मी म्हटलं, मला एक पत्र लिहायचं आहे, त्याचं उत्तर आलं की सांगते. ते म्हणाले, "कुणाला?" मी म्हटलं, "नणंदेला." ते इतकंच म्हणाले, "मग नीट लिहा."

झालं तर मी सेंगकांगला राहायला जाईन. हा फ्लॅट भाड्याचा, तो सोडावा लागेल. प्रबोधची बहीण म्हणून तुला काय वाटतं ते खरं खरं सांग. तुझ्या मनाविरुद्ध मला काही करायचं नाही.

मधुवंती

—

पुणे, २ जून २०१६

ती. मधुवंतीवहिनींस,

पत्र मिळालं. उत्तराला उशीर झाला, घरात पाहुणे होते.

तुमचा निर्णय योग्यच आहे. माणसाला सोबत हवी. दादाही हेच म्हणाला असता. माझी काहीच हरकत नाही, आणि हरकत घेणारी मी कोण?

जूनचं तिकीट रद्द केलं आहे. तुम्हाला सामान हलवायचं असेल, त्यात माझी अडचण नको. दादाचे काही फोटो आणि बाबांचं घड्याळ तुमच्याकडे आहे, ते सवडीने कुरिअर केलंत तरी चालेल.

श्री. श्रीनिवास यांना नमस्कार.

आपली,
अनघा दिलीप परचुरे

—

सिंगापूर, ५ जून २०१६

अनघा,

मी त्यांना नाही म्हणून सांगितलं.

तू "हरकत नाही" लिहिलंस आणि मला "तुम्ही" म्हणालीस. लग्न होऊन आले तेव्हा तू कॉलेजात होतीस. पहिल्याच दिवशी माझ्या बॅगेतली लिपस्टिक न विचारता लावून गेलीस आणि "वहिनी, तुझा रंग मला शोभतो" म्हणालीस. तेव्हापासून तू मला कधी तुम्ही म्हणाली नाहीस. त्या एका शब्दाने मला कळलं की प्रबोधच्या जागी दुसरं कुणी आलेलं तुला बघवणार नाही. साहजिक आहे. माझं नातं लग्नाचं, तुझं रक्ताचं.

श्रीनिवासना मी काल भेटून सांगितलं. आम्ही कोपी प्यायलो. जाताना म्हणाले, "तुमच्या नणंदेने काय लिहिलंय ते मी विचारणार नाही. पण त्यांना माझ्यावर राग असेल तर तो तुमच्यावर काढू नका म्हणावं." आणि एमआरटी स्टेशनच्या जिन्याने खाली गेले.

वाईट वाटतं का? हो, खूप. पण ऐक. मी मावशीकडे वाढले, तुला माहीत आहे. मावशीने सगळं केलं, पण लग्न झाल्यावर "ये चार दिवस" असं तिच्या तोंडून कधी आलं नाही, आणि आता तर तीही नाही. मला माहेर नाही, अनघा. तू मेमध्ये येतेस, दहापर्यंत लोळतेस, चहाचा कप जिथल्या तिथे ठेवून देतेस, तेव्हा तुला वाटतं मी तुझे लाड करते. मी खरं तर बघत असते. माहेरपण कसं असतं ते मी तुझ्याकडे बघून शिकले. ते दिवस मला तुझ्याहून जास्त हवे असतात.

तेव्हा फ्लॅट सोडत नाही. फोटो आणि घड्याळ पाठवणार नाही, येऊन ने.

मधुवंती

—

पुणे, ६ जून २०१६

वहिनी, अगं बावळट बाई!

काय करून बसलीस! असं कुणी नाही म्हणतं का? एका चांगल्या माणसाला जिन्याने खाली पाठवून दिलंस आणि वर मला पत्र लिहिते आहेस! तुझं पत्र वाचता वाचता मी ऑफिसात रडले. शिपाई पाणी घेऊन आला. दिलीपला फोन केला, तो म्हणाला, "तू तिला तुम्ही म्हणालीस? मग तिने आणखी काय करायचं होतं?" पहिल्यांदाच तो बरोबर बोलला.

ऐक आता. दादाच्या जागी कुणी येतंय म्हणून मला राग आला नव्हता. देवाशपथ नाही. दादाला तर मी मनातल्या मनात विचारलंसुद्धा, आणि तो नेहमीप्रमाणे "तुम्ही बायका ठरवा" म्हणाला. मला रडू आलं ते माझ्यासाठी. स्वार्थी आहे मी, तुला ठाऊकच आहे. मी तुझ्याकडे कोण म्हणून यायची? प्रबोधची बहीण म्हणून. श्रीनिवासरावांच्या घरी मी कोण? बायकोच्या पहिल्या नवऱ्याची बहीण! सेंगकांगला बेल वाजवून काय सांगू, कोण आलंय? तिथे दहापर्यंत लोळणार कशी? चहाचा कप उचलून ठेवावा लागेल, "अहो, तुम्ही कशाला त्रास घेता" म्हणावं लागेल. पाहुणी व्हावं लागेल गं. बुकित पंजांग सुटलं की माझं माहेर सुटलं, एवढंच डोक्यात बसलं, आणि तोंडाने म्हणायला लाज वाटली. पन्नाशीला आलेल्या बाईने माहेरासाठी रडायचं? म्हणून ते तुम्ही-बिम्ही.

पण तुझ्या पत्रातलं ते वाक्य, "मला माहेर नाही." मी ते वाचलं आणि पहिल्यांदा स्वतःची लाज वाटली. एवढी वर्षं मी तुझ्याकडे लोळले आणि एकदाही "तू ये माझ्याकडे चार दिवस" म्हटलं नाही. सुचलंच नाही! आणि मग डोकं असं काही चाललं, वा! माझीच पाठ थोपटावी म्हणते.

हे बघ. तुला माहेर नाही. ठीक, आजपासून मी तुझं माहेर. पुण्याचं हे घर, दिलीप, सासूबाई, सगळं मिळून. तू माझी वहिनी नंतर, आधी माझ्या घरची मुलगी. म्हणजे श्रीनिवासराव कोण झाले? आमचे जावई! आणि मी कोण? बायकोच्या माहेरचं माणूस! अगं, बायकोच्या माहेरचं माणूस घरी आलं तर कुठल्या नवऱ्याची हिंमत आहे त्याला पाहुणा म्हणायची? उलट त्यांनीच पुढे होऊन माझी बॅग उचलायची. सेंगकांगला मी बाराला उठेन, बघच तू.

तेव्हा आत्ताच्या आत्ता त्यांना फोन कर. लाजू नकोस. म्हणावं, नणंदेचं उत्तर आलं. नणंदेला अक्कल उशिरा येते, पण येते. नाही जमलं तर नंबर पाठव, मीच करते. मुलीकडची बाजू आहे, बोलणी आम्हीच करायची असतात.

लग्न तिकडे करा, रजिस्टर करा, काहीही करा. मी आणि दिलीप येतो. पण दिवाळसण इथे. जावयाचा पहिला सण आहे, मी सोडणार नाही. सासूबाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, "पहाटे जावयाला तेल मी लावणार. आणि त्याला वाइन लागते का?" म्हटलं, "लागते." म्हणाल्या, "मग आणून ठेव, आल्यागेल्यासमोर कमी पडायला नको."

तू चार दिवस आधी ये. दहापर्यंत झोप. कप जिथल्या तिथे ठेव. मी उचलीन.

तुझी, तुझीच,
अनघा

—

सिंगापूर, २१ ऑक्टोबर २०१६

प्रिय अनघा,

ऑगस्टमध्ये लग्नाला येऊन तुम्ही दोघांनी जो काही मुलीकडचा रुबाब केलात, त्यातून श्रीनिवास अजून सावरलेले नाहीत. "दिवाळसणाला जावयाने नेमकं काय करायचं असतं?" असं रोज विचारतात. मी सांगितलं, रुसायचं. त्यांना रुसता येत नाही, आरशासमोर सराव चालू आहे.

तिकिटं झाली. मी २४ ला येते, ते २८ ला.

आज लॅबमध्ये रजा मागितली. शेजारच्या टेबलावरची सिऊ हुई म्हणाली, "दिवाळीला कुठे चाललीस?" माहेरला इंग्रजीत काय म्हणतात ते मला आठवेना. म्हटलं, "मदर्स हाउस." तिला माहीत आहे, माझी आई मी लहान असतानाच गेली. इथल्या बोलीतल्या इंग्रजीत हळूच विचारलं, "युअर मदर स्टिल अराउंड मेह?"

मी तिच्याच इंग्रजीत म्हटलं, "नाऊ गॉट." आता आहे.

येते, अनघा.

मधुवंती